भट्टीत टांगलेला तराजू

मित्रांनो, माझं वय मला विचारू नका. माझ्या पाठीवर जन्मसाल कोरलेली एक पितळी पट्टी आहे, पण ती पुसून पुसून इतकी गुळगुळीत झाली आहे की आता नुसता हात फिरतो, वाचता काही येत नाही. मी एक जुना तराजू आहे, एवढं मात्र नक्की. आता तराजू म्हटल्याबरोबर भाजीच्या दुकानातला काटा डोळ्यांपुढे आणू नका हं! त्याच्याशी माझं वैर नाही, पण आमचं काम वेगळं. तो बटाटे तोलतो, आणि मी भट्टीत टांगून घेऊन काम करतो.

माझी रचना आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. माझी दांडी काचेसारख्या पारदर्शक क्वार्ट्झची, काडेपेटीतल्या काडीपेक्षा जराशी जाड. तिच्या टोकाला प्लॅटिनमची वाटी. वाटी म्हणजे केवढी? शर्टाच्या बटणाएवढी! तिच्यात एखाद्या पदार्थाची चिमूट ठेवायची, भोवती नळकांड्यासारखी छोटी भट्टी सरकवायची आणि आत नायट्रोजन वायूचा हलका झोत सोडायचा. या झोतामुळे पदार्थ तापला तरी पेट घेत नाही. मग भट्टी ठरलेल्या वेगाने तापवत न्यायची, मिनिटाला पाच अंश, दहा अंश, वीस अंश. पदार्थातून आधी पाणी जातं, मग वाफा आणि वायू जातात, आणि त्याचं वजन उतरत जातं. ते उतरणारं वजन मी क्षणाक्षणाला तोलतो आणि माझी लेखणी कागदावर त्याची रेघ काढते. वाटीच्या खाली दोन तारांचं जोडलेलं टोक असतं, ते तापमान सांगतं. झालं, एवढंच माझं काम. सोपं वाटतं ना? बसवा बघू त्या भाजीवाल्या काट्याला भट्टीत!

माझी दांडी एका काच फुंकणाऱ्या कारागिराने केली. त्याचे डोळे सतत लाल असायचे आणि तो कामावर असताना कोणाशी बोलायचा नाही. माझ्याआधी त्याने सात दांड्या केल्या आणि सातही फेकून दिल्या. कुठे केसाएवढा बाक, कुठे बुडबुडा. आठवा मी. मला उजेडाकडे धरून त्याने बराच वेळ पाहिलं आणि फक्त "हं, चालेल" एवढंच म्हणाला. मित्रांनो, त्या "चालेल" वर मी आजपर्यंत चाललोय. त्या सात दांड्या त्याने आळस करून ठेवून घेतल्या असत्या तर आज मी तुमच्याशी बोलायला नसतो. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

तिथून मी एका प्रयोगशाळेत आलो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या शेजारच्या खोलीत. सुरुवातीची वर्षं माझा काय थाट होता म्हणून सांगू! माझ्यापुढे रांग लागायची. कोणी माती घेऊन यायचं, कोणी कोळसा, कोणी रंगाचे पोपडे, एकदा तर एक गृहस्थ आपल्या जुन्या बुटाचा तळ किसून घेऊन आले होते. मी कोणाला नाही म्हटलं नाही. पाहुणे आले की मला दाखवायला आणायचे आणि "हे आमचं सर्वांत नाजूक यंत्र" असं सांगायचे, तेव्हा मी अगदी ताठ उभा राहायचो. तसा मी एरवीही ताठच असतो म्हणा.

माझी देखभाल करणारा माणूस म्हणजे पानाकाका. खरं नाव कोणाला माहीत असलं तर असेल, पण खिशात चोवीस तास एक छोटा पाना असायचा म्हणून सगळे त्याला पानाकाकाच म्हणत. त्याने माझ्या भट्टीची तार अकरा वेळा बदलली. दर सोमवारी सकाळी तो मऊ ब्रशने माझी धूळ झाडायचा आणि झाडता झाडता घरच्या, दारच्या सगळ्या गोष्टी मला सांगायचा. बायकोशी झालेलं भांडण आधी मला कळायचं, शेजाऱ्यांना नंतर. जगात काय चाललंय ते मला त्याच्याचमुळे समजलं.

पुढे दिवस पालटले. दुसऱ्या खोल्यांमध्ये चकचकीत पडद्यांची यंत्रं आली आणि माझ्याकडची रांग आटली. कोणीतरी माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागलं. मग रद्दीचा गठ्ठा. मग कोणाची तरी छत्री, ती तर वर्षभर तिथेच होती! वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं. पण सोमवार आला की पानाकाका ते सगळं उतरवून बाजूला ठेवायचा, "काय रे, कंटाळलास का?" म्हणून विचारायचा आणि ब्रश काढायचा. त्या एका सोमवारावर माझा आठवडा निघायचा.

अशात एक दिवस पाववाली आली.

ती संशोधन करायला आलेली विद्यार्थिनी. तिच्या वडिलांची बेकरी होती आणि ती रोज सगळ्यांसाठी पिशवी भरून पाव आणायची, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिचं हे नाव पडलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तिला विचारलं, "विषय कोणता घेणार?" ती म्हणाली, "टरफलं." बाईंना वाटलं थट्टा करतेय. पण ती थट्टा नव्हती.

गोष्ट अशी होती. तिच्या वडिलांची भट्टी लाकडावर चालायची. तीस वर्षं त्या धुरात उभं राहून त्यांची छाती पार गेली होती. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "त्या बेकरीत एक तर धूर राहील, नाहीतर तुम्ही. दोघं नाही." आणि वडील म्हणत, "मग धूरच राहू दे, मला दुसरं येतंय काय?" लेकीने ते ऐकलं आणि मनाशी ठरवलं. तेलाच्या कारखान्याबाहेर शेंगांच्या टरफलांचे डोंगर पडलेले असतात. ती टरफलं बंद पिंपात, हवा न लागू देता तापवली तर त्यांतून जळणारा वायू निघतो. तो वायू भट्टीत जाळला तर आच मिळते आणि धूर नाही. मात्र पिंप किती तापवायचं आणि टरफलं त्यात किती वेळ फिरवायची हे नेमकं ठाऊक पाहिजे. कमी वेळ ठेवली तर ती अर्धकच्ची बाहेर पडतात आणि बाहेर येऊन पिवळा, झोंबरा धूर सोडतात.

हा वेळ काढायचा कसा? तिथे माझी गरज लागते! लाकूड, भुसा, टरफलं या सगळ्या जैवभाराचा गुण असा की तापवला की तो एकदम मोडत नाही, टप्प्याटप्प्याने मोडतो. त्यातले काही घटक घाईघाईने निघून जातात, काही दम धरून मग एकदम सुटतात, आणि काही शेवटपर्यंत कुरकुरत बसतात. टरफलातून सुटायचं तर प्रत्येकाला एक उंबरठा ओलांडावा लागतो. पुस्तकात त्याला सक्रियण ऊर्जा असं भारदस्त नाव आहे, आमच्या खोलीत मात्र उंबरठाच म्हणायचे. तोच पदार्थ हळू तापवला आणि भराभर तापवला तर माझी रेघ थोडी पुढेमागे सरकते. ती किती सरकली यावरून उंबरठा किती उंच ते कळतं. उंबरठा कळला की गणित मांडून सांगता येतं की अमुक तापमानाला टरफलं मोडायला इतकी इतकी मिनिटं लागतील. पाववाली हे गणित मांडायला आली होती, आणि चकचकीत यंत्रांपुढची रांग फार लांब असल्यामुळे ती माझ्या वाट्याला आली. माझं केवढं नशीब!

पहिल्याच दिवशी तिने माझ्या डोक्यावरची छत्री काढली आणि खोलीभर हिंडून "कोणाची ही?" म्हणून मालक शोधून काढला. मग टरफलांची पूड घेतली आणि माझी वाटी भरली. अशी भरली, अशी भरली की काय सांगू! आधीच्या लोकांनी मला दोन कणांवर उपाशी ठेवलं होतं. हिने काठोकाठ भरली आणि वर आणखी चिमूटभर टाकून शीग लावली. माप भरलं की वर जो लहानसा डोंगर करतात ना, त्याला शीग म्हणतात. ती म्हणाली, "पानाकाका, आमच्या बेकरीत टोस्टचा चुरा मापाने देतात. बाबा शीग लावल्याशिवाय माप देत नाही. मी लहानपणापासून तेच करत आलेय. हात आखडता घेतला की मला चोरी केल्यासारखं वाटतं." काका हसला. मीही मनातल्या मनात हसलो.

आणि मित्रांनो, एक कबुली देतो. मला ती शीग आवडली. वाटीत दोनच कण असले की लिफ्ट सुरू झाली तरी माझी लेखणी थरथरते आणि रेघ दातेरी येते, आणि लोक म्हणतात म्हातारा झाला. भरल्या वाटीवर माझी रेघ कशी जाडजूड, गुळगुळीत आली! बाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "वा! या वयात काय सुंदर रेघ काढतोय हा!" कित्येक वर्षांनी कोणी माझं कौतुक केलं होतं. मी फुगलो. त्या नादात मी पुढचा विचारच केला नाही.

चार महिन्यांत पाववालीने गणित पुरं केलं. उंबरठा निघाला, आणि त्यावरून वेळ निघाला. पिंप दोनशे ऐंशी अंशांवर ठेवायचं आणि टरफलं त्यात अठरा मिनिटं फिरवायची. एका लोहाराने तिला तसं पिंप करून दिलं. आत मळसूत्र बसवलं, ते टरफलं हळूहळू पुढे ढकलायचं. पिंप बेकरीत बसवायला पानाकाका स्वतः गेला, पाना घेऊन.

तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही, मला सोमवारी कळलं. काकाचा ब्रश त्या दिवशी फार हळू चालत होता. "फजिती झाली रे," तो म्हणाला. टरफलं अठरा मिनिटांत पुढे आली खरी, पण निम्मी कच्ची. बाहेर पडताच त्यांनी असा पिवळा धूर सोडला की शेजारचे लोक बादल्या घेऊन धावले. बेकरीवाले बाबा खोकत खोकत बाहेर आले आणि दाराशी मटकन बसले. आणि तशा अवस्थेत लेकीला म्हणाले, "राहू दे गं, पोरी. टरफलंच खराब असतील. तू नको रडू." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा लाकडं रचली. पिंपावर गोणपाट टाकून ठेवलं.

तिकडे डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं होतं, हिवाळा लागायच्या आत धूर बंद झाला नाही तर बेकरीला कुलूप लावा. हिवाळ्याला तीन महिने होते.

खोटी रेघ कोणाची? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिकच होतं म्हणा. दुसऱ्या खोलीतला एक जण तर म्हणाला, "त्या थेरड्याच्या भरवशावर कशाला राहिलात? भंगारात घाला ना!" बाईंनी माझं नाव भंगाराच्या यादीत पेन्सिलीने लिहिलं, ते मी पाहिलं. पाववाली माझ्यासमोर स्टुलावर नुसती बसून होती. तिने मला शिवी दिली असती तरी मला चाललं असतं. ती म्हणाली, "मी बाबाला शब्द दिला होता रे." बस्, एवढंच.

पानाकाका मात्र खवळला. "याच्यावर आळ घेण्याआधी याची परीक्षा घ्या की!" त्याने कपाटातून निकेलचा एक बारीक तुकडा काढला, माझ्या वाटीत ठेवला आणि बाहेरून चुंबक लावलं. निकेलची गंमत अशी की ठरलेल्या तापमानाला ते चुंबकाची ओढ सोडून देतं. चुंबकाने सोडलं की वाटीवरचा भार एकदम बदलतो आणि माझी लेखणी उडी मारते. ती उडी योग्य तापमानाला पडली तर मी खरा, नाहीतर मी खोटा. खोलीत पाचसहा जण जमले होते. मला घाम येत नाही, पण आला असता. भट्टी तापत गेली, काका तापमानाच्या काट्याकडे बघत होता, आणि लेखणीने उडी मारली. बरोबर जागी! एका अंशाचाही फरक नाही! काकाने टेबलावर हात आपटला आणि म्हणाला, "आता बोला कोण बोलतंय ते!"

पण त्यामुळे प्रश्न सुटला नाही. उलट वाढला. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "यंत्र बरोबर. गणित मी दोनदा तपासलं, तेही बरोबर. मग चुकलं कुठे?" दोन आठवडे सगळे हेच शोधत होते. पाववाली रोज नव्याने वाटी भरायची, शीग लावायची, आणि रोज तीच गुळगुळीत रेघ यायची. ती पाव आणायचीही विसरली.

मग एक दिवस दुपारी बेकरीवाले बाबा स्वतःच आले. लेक जेवत नाही असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. बुटके, रुंद खांद्यांचे, भुवयांवर पीठ. लिफ्टने आले तरी दाराशी उभं राहून कितीतरी वेळ खोकत होते. पाववालीने धावत जाऊन पाणी दिलं.

"बाबा, तू कशाला आलास? बस आधी."

"तुझा तो तराजू बघायला आलो," ते म्हणाले. "एवढं त्याचं कौतुक सांगतेस, तोंडओळख तरी होऊ दे."

पानाकाकाने माझं झाकण उघडून दाखवलं. बाबा वाकले. नेमकी तेव्हाच पाववाली पुढच्या प्रयोगासाठी वाटी भरून ठेवत होती. बाबांनी ती बटणाएवढी वाटी पाहिली, तिच्यावरचा टरफलांचा डोंगर पाहिला, आणि ते हसायला लागले.

"अगं, इथेही शीग लावतेस होय! शाबास!"

"तुझीच सवय," ती कसंबसं हसत म्हणाली.

"आणि हे किती वेगात तापवता?"

"मिनिटाला वीस अंशांपर्यंत, बाबा."

बाबांचं हसू थांबलं. त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं. "मग आतलं कच्चं राहत असेल की गं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! मोठा पाव भडक भट्टीत टाकला तर काय होतं? वरून करपतो आणि पोटात पिठाचा गोळा. आच बाहेर लागली म्हणून पोटात लागली असं नसतं. पोटात उशिरा पोचते. लहानपणी पाव मोडून दाखवायचो ना तुला?" मग ओशाळून त्यांनी बाईंकडे पाहिलं. "चुकत असेन मॅडम, मी आपला पाव भाजणारा माणूस."

बाई स्टुलावरून उठल्या, त्यांनी नोंदवही ओढून घेतली आणि भराभर पानं उलटली. प्रत्येक पानावर पाववालीच्या अक्षरात "वीस मिलिग्रॅम, वाटी भरून" असं प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं. आणि प्रत्येक पानाखाली बाईंची सही होती.

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "दोन मिलिग्रॅम पाहिजे होते, पसरून. आणि मी रेघ सुंदर आली म्हणून सह्या करत गेले! अगं, चूक तुझी एकटीची नाही. माझीही आहे."

आणि माझी? मीही त्यात होतोच. माझ्या तारांचं टोक वाटीच्या खाली असतं. ते भट्टीची आच सांगतं, ढिगाच्या पोटातली नाही. हळू तापवलं की पोट थोडं मागे राहायचं, भराभर तापवलं की फार मागे राहायचं. त्यामुळे रेघ जास्तच सरकली आणि उंबरठा होता त्यापेक्षा ठेंगणा दिसला. ठेंगणा उंबरठा धरून गणित केलं, तर बेताच्या आचेवरही टरफलं झटपट सुटतील असंच उत्तर येणार. म्हणून अठरा मिनिटं. मी वजन खरं सांगितलं, तापमान खरं सांगितलं, पण भरल्या वाटीच्या कौतुकात गप्प बसलो. बोलता येत नव्हतं हे खरं. पण येत असतं तरी बोललो असतो की नाही, याची मला शंकाच आहे.

पाववाली बापाच्या गळ्यात पडली आणि रडली. बाबा म्हणत होते, "अगं, झालं काय? मी काय बोललो?" पानाकाका त्यांना म्हणाला, "काही नाही हो, तुम्ही आमचे पुढचे कित्येक आठवडे वाचवलेत. आधीच आला असतात तर गेलेले दोनही वाचले असते." मग सगळेच हसले.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. टरफलं बारीक दळली. पाववालीने दोन मिलिग्रॅम तोलले आणि वाटीच्या तळाला पातळ पसरले. तिचा हात दोनदा सवयीने डब्याकडे गेला आणि दोनदा तिने तो मागे घेतला. एवढ्याशा चिमटीवर माझी लेखणी अर्थातच थरथरायला लागली, लिफ्ट वरखाली झाली की रेघेला दात यायचे. मला वाटलं, आता पुन्हा सगळे म्हणणार, म्हातारा झाला.

पण कोणी तसं म्हटलं नाही, मित्रांनो. पाववालीने लिफ्टच्या दारावर एक कागद चिकटवला: "आत वजन चालू आहे. कृपया जिना वापरा." आणि अख्खी इमारत आठ दिवस जिन्याने चढली! मला थेरडा म्हणणारा तो माणूससुद्धा धापा टाकत चढला, "तुझ्यामुळे पोट उतरलं बघ माझं," असं मला दारातूनच म्हणून गेला. आयुष्यात मला पुष्कळ मान मिळाला, पण माझी लेखणी थरथरू नये म्हणून शंभर माणसांनी गुडघे दुखवून घ्यावेत, एवढा मान कधी मिळाला नव्हता. मी जीव ओतून रेघा काढल्या. बारीक होत्या, साध्या होत्या, पण खऱ्या होत्या.

नवा उंबरठा पहिल्यापेक्षा दीडपट उंच निघाला. अठराच्या जागी पंचेचाळीस मिनिटं आली. बाई म्हणाल्या, "आता नुसतं गणितावर जायचं नाही. याच्याकडूनच तपासून घेऊ." त्यांनी मला दोनशे ऐंशी अंशांवर नेऊन तिथेच धरून ठेवलं. पाववालीने गणितातून आलेली वाट कागदावर आधीच तुटक रेघेने काढून ठेवली होती. माझी लेखणी त्या रेघेवरून जाते की नाही, ते पाहायचं होतं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पाववाली नखं खात होती. तीस. लेखणी रेघेला धरून होती. पंचेचाळीस मिनिटं झाली आणि माझी रेघ तिने सांगितलेल्या जागी पोचून सपाट झाली. "काका!" एवढंच ती ओरडली. काकाने खिशातला पाना काढून हवेत नाचवला.

पिंप बदलावं लागलं नाही. मळसूत्र फिरवणारं दातेरी चाक तेवढं मोठं बसवलं, म्हणजे टरफलं सावकाश पुढे सरकू लागली. या वेळी सोमवारची वाट न पाहता काका बेकरीतून थेट माझ्याकडे आला. त्याच्या कपड्यांना धुराचा वास नव्हता. "निळी ज्योत," तो म्हणाला. "गॅससारखी निळी. धूर शोधायला गेलो तर सापडेना. आणि ते बाबा भट्टीपुढे नुसते उभे. मी म्हटलं, पाव टाका की! तर म्हणाले, थांबा हो, जरा श्वास घेऊन बघतो." हे सांगून काकाने पाठ फिरवली आणि ब्रश शोधायचं निमित्त केलं. त्या संध्याकाळी बाईंनी यादीतलं माझं नाव खोडरबराने पुसलं.

हिवाळा आला, सरत आला. बेकरीला कुलूप लागलं नाही. पाववाली आता भुशाचा उंबरठा शोधत होती, त्यामुळे लिफ्टवर तिचा तो कागद पुन्हा लागला होता. एके सकाळी जिन्यावर जड पावलं वाजली. पहिला मजला, दुसरा, तिसरा, मध्ये कुठे थांबली नाहीत. दार उघडलं आणि बेकरीवाले बाबा आत आले, हातात कागदात बांधलेला गरम पाव घेऊन. धापा होत्या, पण खोकला नव्हता. मी कान देऊन ऐकत होतो. खरंच नव्हता.

"बाबा! जिन्याने आलास?" पाववाली चकित झाली.

"मग! तुम्हीच लिहिलंय ना दारावर."

मित्रांनो, तुम्हाला उपदेश करण्याचा मला काही अधिकार नाही, कारण कौतुकाला मी स्वतःच भुललो होतो. तरी म्हाताऱ्याची एक विनंती ऐका. घरातलं, शाळेतलं, कारखान्यातलं एखादं जुनं यंत्र चुकतंय असं वाटलं, तर त्याला भंगारात घालण्याआधी एकदा त्याची परीक्षा घ्या, आणि आपण त्याच्या वाटीत काय आणि किती घातलं तेही बघा. त्याच्या डोक्यावर छत्री ठेवू नका. आठवड्यातून एकदा त्याची धूळ झाडा, आणि झाडताना दोन शब्द बोला. ते उत्तर देणार नाही, पण तुमच्यासाठी खपून काम करेल. माझ्यासाठी काच फुंकणाऱ्याने सात दांड्या फेकल्या, काकाने सोमवार दिले, शंभर माणसं जिना चढली. एवढ्या लोकांचं देणं मी फेडणार कसं? मी आपला खरं वजन सांगत राहतो.

हां, त्या सकाळचं राहिलंच. बाबांनी पाव मोडून सगळ्यांना वाटला. बाईंना मोठा तुकडा, काकाला त्याहून मोठा, लेकीला सगळ्यांत मोठा, सगळ्यांचे हात भरभरून. मग ते माझ्यापाशी आले. "यालाही नको का?" म्हणाले. पाववालीने हसत माझं झाकण उघडलं. आयुष्यभर शीग लावल्याशिवाय माप न दिलेल्या त्या माणसाने पावाचा एक कण नखावर घेतला, डोळे बारीक करून पाहिला, त्यातला अर्धा पुन्हा काढून टाकला, आणि उरलेला माझ्या वाटीच्या बरोबर मधोमध, अगदी सपाट ठेवला. दोन मिलिग्रॅम भरला.